अनुभव धागा : पहिली गोल्फ बॅग – काय झिजलं, काय कोरं राहिलं?

धागाकर्ता

नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) चालतात. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ साली आली, ब्रिटिशांनी पुढच्या वर्षी मान्य केली. मी मात्र 'जास्तीत जास्त' हे 'कमीत कमी' असं वाचलं बहुतेक. शिकायला लागून आठवडाही झाला नव्हता आणि चौदाच्या चौदा घेऊन मोकळा झालो.

परवा बॅग रिकामी करून पुसायला बसलो. पटर (चेंडू जमिनीवरून खळग्यात ढकलायचा), ७ आणि ९ नंबर आयर्न (पात्यासारख्या धातूच्या डोक्याचे; आकडा वाढला की फटका उंच आणि जवळचा), दोन वेज (त्याहून जवळच्या फटक्यांचे) आणि एक हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला), एवढ्यांच्याच ग्रिप, म्हणजे मुठी, झिजल्यात. ३ नंबर आयर्नचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) आरशासारखा आहे, दाढी करता येईल त्यात बघून.

तुमच्याकडे काय झिजलं आणि काय कोरं राहिलं ते लिहा. किमती नकोत, ब्रँडवरून हाणामारी तर नकोच.

अर्धी बॅग

मी सहाच क्लबांवर सुरुवात केली, तीही नाइलाजाने. प्रशिक्षकांनी पहिला दीड महिना ७ नंबरशिवाय कशाला हात लावू दिला नाही. तेव्हा राग यायचा. पण सरावाच्या रेंजवर बाकीचे ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) फिरवून घामाघूम होत असताना माझा चेंडू निदान हवेत तरी जायचा.

चूक पुढे केली. नवीन आयर्न घेतले आणि पिचिंग वेज जुनाच ठेवला. चांगला होता, कशाला टाकायचा? झालं असं की ९ नंबरने चेंडू ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक गवताची जागा) ओलांडायचा आणि वेजने ग्रीनच्या बराच अलीकडे पडायचा. मधलं अंतर माझ्या बॅगेतच नव्हतं. कित्येक महिने मी स्विंगला दोष दिला. शेवटी लॉफ्ट (चेहऱ्याचा तिरपेपणा) मोजून घेतले, तर नवा ९ नंबर ३८ अंशांचा आणि जुना वेज ४८ चा! शेजारच्या दोन क्लबांत साधारण चार-पाच अंशांचा फरक असावा लागतो, माझ्याकडे थेट दहा. हल्लीच्या नवशिक्यांच्या सेटमध्ये लॉफ्ट कमी ठेवतात, त्यामुळे आजचा ७ नंबर कधी कधी जुन्या ५ नंबरच्या जवळ जातो. क्लबवरचा आकडा बघून जोड्या जमवू नका, लॉफ्ट विचारा.

चार फूट अकरा

माझी पहिली बॅग म्हणजे नवऱ्याची जुनी बॅग. 'क्लब तो क्लब, त्यात बायकांचा-पुरुषांचा काय?' हे त्याचं वाक्य. फरक होता. बायकांचे क्लब साधारण इंचभर आखूड असतात, शाफ्टही (दांडी) हलकी आणि जास्त लवचीक. त्याचे क्लब माझ्या हातात आले की पुढचं टोक जमिनीवरून उचललेलं राहायचं आणि चेंडू सारखा डावीकडे जायचा. मग मी खाली पकडायचे, की तोल बिघडायचा. तो मागे उभा राहून सांगायचा, कोपर वाकतंय. कोपर वाकणारच ना रे बाबा, काठी पोटात घुसत होती!

एका शिबिरात कुणीतरी माझी उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, आणि ग्रॅफाइट शाफ्टचा, बारीक ग्रिपचा क्लब हातात दिला. तिसरा चेंडू सरळ गेला. मी गप्प बसले. घरी येऊन मात्र गप्प बसले नाही.

डावखुरा

लिहितो डाव्या हाताने म्हणून डावखुरा सेट घेतला. बॅटिंग उजव्या हाताने करतो हे लक्षातच आलं नाही. दोन महिने लाकडासारखा उभा राहिलो. उलटं उदाहरण अमेरिकन गोल्फर फिल मिकेल्सनचं. तो बाकी सगळं उजव्या हाताने करतो, पण लहानपणी वडिलांसमोर आरशासारखा उभा राहून शिकला म्हणून गोल्फ डावखुरा खेळतो. आधी नुसता झाडू हातात घेऊन फिरवून बघा, शरीर कुठल्या बाजूने वळतंय ते. वापरलेल्या सामानात डावखुरे सेट कमी मिळतात, तसे विकतानाही गिऱ्हाईक मिळत नाही. माझा अजून पडून आहे.

उजवीकडे जंगल

माझं पाप : ९ अंशांचा, कडक शाफ्टचा ड्रायव्हर. टीव्हीवरचे खेळाडू तसाच वापरतात म्हणून. त्यांचा वेग आणि माझा वेग यात जेट आणि सायकलचा फरक. प्रत्येक चेंडू केळ्यासारखा वळून उजवीकडच्या झाडीत. लॉफ्ट कमी असला की चेहरा थोडा जरी उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला तरी चेंडू जास्त वळतो, हे नंतर कळलं. आता १२ अंश आणि रेग्युलर शाफ्ट. तरी अरुंद होलवर (सुरुवातीपासून खळग्यापर्यंतचा पट्टा) मी सरळ ५ नंबर वुड (ड्रायव्हरसारखाच, पण लहान डोक्याचा) काढतो, तो आखूड आहे आणि माझं ऐकतो. मित्र हसतात. हसू देत, चेंडू माझाच सापडतो.

दोन पटवाली

सगळे क्लबांवर लिहिताहेत, पटरचं कुणी बोलेना! पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवायच्या १८ होलच्या मैदानात दर होलला दोन पट (पटरचे फटके) धरतात, म्हणजे ७२ पैकी ३६. निम्मे! आणि मी पटर कसा घेतला, तर सेटसोबत आला तो. ३५ इंचांचा होता, मला ३३ चा लागतो. खाली वाकून उभं राहिल्यावर डोळे चेंडूच्या वर यायला हवेत, माझे पार मागे असायचे. बदलल्यावर एका फेरीत सहा-सात फटके वाचले. ड्रायव्हर बदलून कधी एकही वाचला नव्हता.

अकरा चेंडू

पहिल्या फेरीत अकरा हरवले. महागातले, मऊ आवरणाचे. आता साधे टू-पीस (गाभा आणि आवरण एवढेच दोन भाग), तेही तळ्यातून काढलेले चालतात. फक्त फेरीभर एकाच प्रकारचा ठेवतो, नाहीतर ग्रीनवर हाताला अंदाज येत नाही.

हातमोजा

उजव्या हाताने खेळणाऱ्याने ग्लव्ह डाव्या हातात घालायचा, मी दोन जोड्या घेतल्या होत्या. असो. तो तळव्यावर मनगटाकडच्या बाजूला फाटत असेल तर नवा घेण्याआधी पकड दाखवून घ्या. क्लब हातात घसरतोय.

जुन्याचा चाहता

मी वापरलेला पूर्ण सेट घेतला आणि मजेत आहे. घेताना चार गोष्टी पाहिल्या : ग्रिप चकचकीत कडक झालीय का, स्टीलच्या शाफ्टवर गंज आहे का, वेजच्या खाचा उरल्यात का, आणि क्लब हलवल्यावर डोक्यात काही खडखडतंय का. ग्रिप सगळ्या बदलल्या. धागाकर्ते, ते ३ नंबर आयर्न काढणार असाल तर सांगा.

धागाकर्ता

काढणार! अगदी कोरं आहे. वापरता येतं की नाही एवढं मात्र विचारू नका.