सोनेरी टाइल लावली की झालं बायझंटाइन?

विटामाती: 'बायझंटाइन दिवाणखाना' ही इथली पोस्ट वाचून राहवेना. पीओपीचा घुमट, त्याला सोनेरी रंग, मधोमध झुंबर, आणि म्हणे प्रेरणा हागिया सोफिया, म्हणजे इस्तंबूलमधलं बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचं जुनं चर्च! अहो, तिथला घुमट तरंगल्यासारखा वाटतो तो पायथ्याच्या ४० खिडक्यांमुळे. मोझेकमधले सोनेरी काचेचे तुकडेसुद्धा किंचित तिरके बसवत, म्हणजे चालता चालता चमक हलते. तुमची टाइल सपाट, वर एलईडी पट्टी. घ्यायचा तर उजेड घ्या.

रंगारी_कोथरूड: पोस्ट माझीच. ४० खिडक्यांना आमची सोसायटी एनओसी देईल का, तेवढं विचारून सांगा. आणि हागिया सोफिया तरी काय? मूळ काम विटा-चुन्याचं, आत संगमरवराच्या लाद्या. एकच दगड चिरून पुस्तकासारखा उघडलाय, रेघेला रेघ जुळवून. ५३७ सालचं क्लॅडिंगच की, वरून चढवलेला थर!

विटामाती: त्या क्लॅडिंगमागे इमारत होती. तुमच्या पीओपीमागे वायरी.

गुंबजकर: इस्तंबूल कशाला? विजापूरचा गोल घुमट आतून ३८ मीटरच्या घरात, तुमचा ३१ च्या आसपास. पण घरचं कुणाला दिसेल तर शपथ!

विटामाती: अकराशे वर्षांनी मोठा बांधला, अभिनंदन. विजापुरात एकमेकांना छेदणाऱ्या कमानी आहेत, हागिया सोफियात पेंडेंटिव्ह, म्हणजे चौकोनावर गोल घुमट पेलणारे कोपऱ्यांतले वक्र त्रिकोण. हिशेबच वेगळा.

गुंबजकर: आमचा उभा आहे. तुमचा ५५८ साली कोसळला.

विटामाती: भूकंपांनी खिळखिळा झाला होता! पहिला घुमट फार चपटा, भिंती बाहेर रेटत होता. म्हणून धाकट्या इसिडोरने (मूळ वास्तुकारांपैकी इसिडोरचा पुतण्या) सुमारे ६ मीटर उंच करून ५६२ पर्यंत पुन्हा उभा केला. विजापुरात तसे धक्के बसलेत कधी? उगाच काहीही.

गुंबजकर: 'उगाच' कुणाला म्हणता?

साइटवाली: भांडा सावकाश. एका देवघरात मी हीच सोनेरी टाइल लावली. मागच्या बाथरूमची ओल आली आणि पहिल्याच पावसाळ्यात टाइल जाळीसकट हातात. ग्राहक फोन उचलत नाही, बिल अजून बाकी. शैली नंतर, आधी वॉटरप्रूफिंग.

रंगारी_कोथरूड: बरं बाबांनो, झुंबर काढतो. खिडकीवरचा जाड पडदाही काढतो, उजेडवाले खूश. घुमट मात्र राहणार, सासऱ्यांनी पैसे दिलेत.

विटामाती: संगमरवराचा मुद्दा मान्य. अर्धा. सासऱ्यांचा पूर्ण.

गुंबजकर: विजापुरात कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते. तुमच्या हागिया सोफियात येते का, एवढंच सांगा.