मदत हवी आहे : जबड्याच्या सांध्याचं दुखणं, पुढचा उपचार कोणता?

नमस्कार. माझ्या आईला (वय ५४) उजव्या जबड्याच्या सांध्याचा, म्हणजे टीएमजेचा त्रास बऱ्याच दिवसांपासून आहे. पूर्वी जांभई देताना कानापाशी कट्ट आवाज यायचा. आता आवाज थांबलाय, पण तोंडच पुरतं उघडत नाही. साधारण ४० मिमी उघडायला हवं, तिचं २८ वर अडतं. भाकरी दुधात कुस्करून खाते, पोळीचा घास चावताना डोळ्यांत पाणी येतं. बघवत नाही हो.

एमआरआयमध्ये सांध्यातली चकती पुढे सरकलेली दिसली, तोंड उघडतानाही ती जागेवर येत नाही. दंतवैद्यांनी रात्री लावायची स्प्लिंट (दातांवर बसवायचं प्लास्टिकचं आवरण) आणि फिजिओथेरपी सुचवली आहे. सर्जन म्हणतात, आर्थ्रोसेंटेसिस करू. म्हणजे भूल देऊन सुयांनी सांधा सलाईनने धुवायचा. तिसऱ्या ठिकाणी दात झिजवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलायला सांगितलं. ते मात्र आम्ही करणार नाही, झिजवलेला दात काही परत येत नाही.

माझा कल आधी स्प्लिंट आणि व्यायामाकडे आहे, नाही मानवलं तर थांबवता येतं. पण वाट बघण्यात सांधा आणखी आखडेल का, ही धास्ती आहे.

ज्यांच्या घरी आर्थ्रोसेंटेसिस झालंय त्यांनी कृपया सांगा, तोंड किती उघडायला लागलं आणि ते टिकलं का? स्प्लिंट कडक घेतलीत की मऊ, फरक कधी जाणवला? पुण्यात किंवा साताऱ्याकडे जबड्याचे व्यायाम नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर तेही कळवा.