मदत हवी आहे : पायथनमध्ये इम्पोर्ट केलेल्या नावाची बदललेली किंमत मुख्य फाइलीत का दिसत नाही?

नमस्कार. पायथनमधील मॉड्यूल (म्हणजे दुसऱ्या फाइलीत इम्पोर्ट करून वापरता येणारी कोडची फाइल) आणि नावांची व्याप्ती यांविषयी एक शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

'मांडणी' या मॉड्यूलमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर दोन नावे आहेत: 'मर्यादा', जिची किंमत १० आहे, आणि 'नोंदी', जी रिकामी लिस्ट आहे. त्याच मॉड्यूलमधील 'बदला' हे फंक्शन 'मर्यादा'ला ग्लोबल घोषित करून तिला २० ही किंमत देते आणि 'नोंदी'मध्ये अपेंड वापरून एक घटक घालते. मुख्य फाइलीत मी 'फ्रॉम मांडणी इम्पोर्ट मर्यादा, नोंदी, बदला' असे लिहून 'बदला' चालवले. त्यानंतर दोन्ही नावे छापली, तर 'नोंदी'त नवा घटक दिसतो, 'मर्यादा' मात्र १०च राहते. 'बदला'च्या आतच छापली तर २० येते. एरर कोठेही येत नाही.

मॉड्यूलच्या दोन प्रती तयार होत असतील, तर १० आणि २० यांचा उलगडा होतो. पण मग 'नोंदी' दोन्हीकडे सारखी कशी? शिवाय ग्लोबल या घोषणेची व्याप्ती नेमकी कोठवर असते? काम चालवण्यापुरता उपाय मिळाला तरी कारण कळल्याशिवाय मोठा प्रोग्रॅम विभागण्याचे धाडस होत नाही, म्हणून सविस्तर उत्तराची विनंती आहे.

प्रतिसाद १

मॉड्यूलची प्रत येथे एकच आहे. पहिल्या इम्पोर्टच्या वेळी पायथन नवा मॉड्यूल ऑब्जेक्ट (मेमरीतील प्रत्यक्ष वस्तू) पायथनच्याच 'सिस' मॉड्यूलमधील 'मॉड्यूल्स' या डिक्शनरीत नोंदवतो आणि ती फाइल वरून खालपर्यंत चालवतो. त्यानंतरचे इम्पोर्ट त्याच नोंदीवरून भागते.

ग्लोबल म्हणजे त्या मॉड्यूलपुरते. फंक्शन कोठूनही बोलावले, तरी ते ग्लोबल नावे स्वतःची व्याख्या ज्या मॉड्यूलमध्ये झाली तेथेच शोधते. त्यामुळे 'बदला'ने 'मांडणी'तील 'मर्यादा' बदलली. तुमच्या मुख्य फाइलीतील 'मर्यादा' हे वेगळे नाव आहे: 'फ्रॉम'च्या ओळीने ते तयार केले आणि त्या क्षणी जो ऑब्जेक्ट होता त्याला जोडून दिले. पुढे 'मांडणी'ने आपले नाव दुसऱ्या ऑब्जेक्टला जोडले, याची तुमच्या नावाला खबर लागण्याचा मार्गच नाही. अपेंडने मात्र कोणतेही नाव नव्याने जोडले जात नाही. दोन्ही नावे ज्या एकाच लिस्टकडे निर्देश करतात, ती लिस्टच बदलते. 'बदला'मध्ये अपेंडऐवजी 'नोंदी'ला ग्लोबल घोषित करून नवी लिस्ट देऊन पाहा, म्हणजे तीही तुम्हाला रिकामीच दिसेल.

उपाय सोपा आहे: 'इम्पोर्ट मांडणी' असे लिहावे आणि दर वेळी 'मांडणी.मर्यादा' असा उल्लेख करावा, म्हणजे त्या त्या वेळची किंमत मिळते. फंक्शने, क्लास आणि न बदलणाऱ्या किमती यांसाठी 'फ्रॉम' मी निःसंकोच वापरतो. तारांकित इम्पोर्ट (नावांऐवजी तारा '*' लिहून सर्व नावे एकदम आणणे) मात्र टाळावे. त्यात हीच अडचण राहते आणि कोणते नाव कोठून आले हेही वाचणाऱ्याला कळत नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. नवी लिस्ट देऊन पाहिली. आपण म्हणालात तसेच झाले. आता आणखी एक शंका. 'मांडणी'च्या सुरुवातीला एक संदेश छापणारी ओळ आहे. मी 'मांडणी'ची फाइल थेट चालवतो आणि ती ज्या मॉड्यूलला इम्पोर्ट करते ते उलट 'मांडणी'लाच इम्पोर्ट करते, तेव्हा संदेश दोनदा छापला जातो. प्रत एकच असेल, तर असे का व्हावे?

प्रतिसाद २

या एका परिस्थितीत खरोखरच दोन प्रती होतात. थेट चालवलेल्या फाइलीची नोंद तिच्या नावाने होत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेल्या 'मेन' या नावाने होते. मग दुसरे मॉड्यूल 'मांडणी' मागते, तेव्हा त्या नावाची नोंद सापडत नाही आणि पायथन तीच फाइल वेगळे मॉड्यूल म्हणून पुन्हा चालवतो. त्या दोन मॉड्यूलमधील 'मर्यादा' आणि 'नोंदी' यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. आपले नाव 'मेन' आहे का हे तपासणारी नेहमीची अट घातल्यास त्या अटीखालील ओळी दुसऱ्यांदा चालत नाहीत, पण दोन प्रती तशाच राहतात. म्हणून सामायिक किमती कधीही थेट न चालवल्या जाणाऱ्या स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवाव्यात आणि बाकी दोघांनी त्यालाच इम्पोर्ट करावे. त्यामुळे एकमेकांना इम्पोर्ट करण्याचे चक्रही सुटेल.