आधी अर्थिंग तपासावे, हार्नेस नंतर

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, या आपल्या जुन्या ट्रकच्या तक्रारीवर पूर्ण हार्नेस (गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. मला तो खर्च घाईचा वाटतो. दोन दिवे असे एकमेकांत मिसळतात तेव्हा दोष बहुधा अर्थिंगचा, म्हणजे दिव्यातला प्रवाह चेसिसमधून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचा असतो, कारण परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून निघून जातो. दिव्याच्या अर्थिंगच्या टोकापासून चेसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडापर्यंत तात्पुरती वायर जोडून पाहावी. दिवे सुधारले, तर तीच वायर रिंग टर्मिनल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून नटाखाली कायमची कसावी आणि वरून ग्रीस फासावे.

तरीही वायर कापावी लागलीच, तर बॅटरी सोडवून, गंजून हिरवा पडलेला भाग चकचकीत तांबे दिसेपर्यंत छाटावा आणि सोल्डर केलेल्या जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी. नुसती काळी टेप (गॅरेजवाल्यांचा आवडता उपाय!) उन्हाने आणि चिखलाने सुटते. २४ व्होल्टवर २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब एक अँपिअरही ओढत नाही, त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज न लावता वायर चेसिसच्या भोकाशी कुठे घासली आहे ते शोधावे.