यॉर्कशायर डुकराची पिल्लं दुसऱ्या दिवशी जातात, गावठीची टिकतात. चरबीचा फरक आहे का?

दोडामार्गकर:
मदत हवी आहे, लवकर. शेड एक, खाद्य एक. लार्ज व्हाइट यॉर्कशायरची पिल्लं जन्मतः मोठी असतात, तरी दुसऱ्या दिवशी गार पडून मरतात. शेजारच्या खणातली गावठी पिल्लं मुठीएवढी, पण सगळी जगतात. गावठीच्या अंगात चरबी जास्त असते म्हणून का? यॉर्कशायरच्या पिल्लांना तूप किंवा खोबरेल पाजू का? बल्ब लावलेला आहे. दोन-तीन दिवसांत अजून एक मादी विणार आहे.

खणखणीत:
एका वेताला पिल्लं किती? वजन किती? बल्ब किती उंचीवर? खाली पेंढा की नुसता कोबा?

वराहमित्र_कुडाळ:
तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्या, २०० मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत. आईच्या दुधातून रोज जेमतेम १ मिलिग्रॅम लोह मिळतं आणि पिल्लाला सात लागतं.

खणखणीत:
अहो, पिल्लं दुसऱ्या दिवशी जाताहेत. रक्तक्षयाने मरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. इंजेक्शन द्याच, पण हे दुखणं वेगळं आहे.

चीकवाला:
चरबीचा समज आधी काढून टाका. कुठल्याही जातीच्या नवजात पिल्लात चरबी फार तर १-२ टक्के, आणि तीही बरीचशी पेशींच्या बांधणीत अडकलेली, जाळायला मिळत नाही. वासरा-कोकरांना ऊब देणारी तपकिरी चरबी असते. डुकराला ती नाहीच, तिचं यूसीपी-१ जनुक या वंशात निकामी झालेलं आहे. पिल्लू पहिला दिवस काढतं ते यकृत-स्नायूंतल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, आणि चिकावर.

जातीचा फरक पडतो तो पिल्लू पोटात किती पक्व झालं यात. यॉर्कशायरची निवड झपाट्याने वाढणाऱ्या, कमी चरबीच्या मांसासाठी झाली. त्यामुळे पिल्लू वजनाने भरतं पण कच्चं राहतं. चीनच्या मेईशान जातीची पिल्लं लार्ज व्हाइटपेक्षा लहान जन्मतात, तरी जास्त जगतात, ती याच कारणाने.

नारळीबाग:
खोबरेल द्याच. त्यातली मध्यम साखळीची स्निग्धाम्लं कार्निटिनशिवाय, म्हणजे चरबी पेशीच्या भट्टीत नेणाऱ्या द्रव्याशिवाय, जळतात. तूप नको.

चीकवाला:
तत्त्व बरोबर, माल चुकीचा. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक, म्हणजे १२ कार्बनचं, हळू जळणारं स्निग्धाम्ल असतं. झटकन जळणारी ८ आणि १० कार्बनची दोन्ही मिळून १५ टक्क्यांच्या आसपास. गार पडलेल्या पिल्लाच्या घशात तेल ओतलं तर ते फुप्फुसात जातं. पोट तेलाने भरलं की चीक कमी प्यायला जातो, तो तोटा वेगळाच.

माडखोल:
यॉर्कशायर विका, घुंगरू जातीची आणा. कटकट मिटेल.

खणखणीत:
उत्तर बंगालातून डुकरं आणायची? २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर, डुकरांचा जीवघेणा साथरोग, आहे. लस म्हणाल तर आपल्याकडे मिळत नाही. असला सल्ला देऊ नका. दोडामार्गकर, माझ्या प्रश्नांची उत्तरं?

दोडामार्गकर:
यॉर्कशायर १३-१४ पिल्लं, किलोभर प्रत्येकी. गावठी ६-७, साधारण ७०० ग्रॅम. बल्ब चार फुटांवर, कोबा. इंजेक्शनमुळे यॉर्कशायर दिवसाच विणतात, त्यामुळे लक्ष ठेवता येतं.

चीकवाला:
कसलं इंजेक्शन? कितव्या दिवशी?

दोडामार्गकर:
प्रोस्टाग्लँडिन. ११२ व्या दिवशी. गावठीला देत नाही.

चीकवाला:
मग घोडं इथेच अडलंय. गर्भकाळ ११४-११५ दिवसांचा. ग्लायकोजेन भरतो आणि फुप्फुसं पिकतात ती शेवटच्या दिवसांत, नेमके तेच तुम्ही कापताय, तेही आधीच कच्च्या राहणाऱ्या जातीत. या मादीला देऊ नका. रात्री जागायची तयारी ठेवा.

खणखणीत:
दुसरं, पिल्लं दुप्पट म्हणून चीक दुप्पट होत नाही. प्रत्येकाला २४ तासांत किमान २०० ग्रॅम पोचायला हवा. जन्मल्याबरोबर पुसून कोरडं करा, वजन घ्या, २४ तासांनी पुन्हा घ्या. वजन वाढलं नसेल तर पिल्लू उपाशी आहे. पहिली सहा-सात पिल्लं पिऊन पोट भरली की तासभर उबेच्या खोक्यात ठेवा, तोवर उरलेल्यांना सड मोकळे मिळतात. बल्ब खाली घ्या आणि पिल्लांच्या पाठीच्या उंचीला थर्मामीटर ठेवून बघा, ३२ ते ३४ अंश हवं. कोब्यावर गोणपाट, वर कोरडा पेंढा.

चीकवाला:
गार पडलेलं पिल्लू आधी ४० अंशाच्या पाण्यात मानेपर्यंत धरा, डोकं वर. अंग गरम झालं की कोरडं करून पिळलेला चीक १५ मिली, नळीने. गार पोटात चीक घालू नका, पचत नाही. जास्तीची पिल्लं गावठीखाली सोडायची तर १२ तास स्वतःच्या आईचा चीक पिऊ द्या आणि २४ तासांच्या आत हलवा.

माडखोल:
गावठी म्हणजे नोंदणी झालेली गोव्याची आगोंदा गोवन जात का? पिल्लं विकणार असाल तर कळवा.

दोडामार्गकर:
विकायची नाहीत. बल्ब दीड फुटावर आणला, पेंढ्यावर ३१ अंश दाखवतोय. मघापर्यंत २४ होता. मादी आज ११३ व्या दिवसावर आहे, इंजेक्शन दिलेलं नाही. १५ मिलीला कुठली नळी, माणसांची ८ नंबरची चालेल?

चीकवाला:
चालेल. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून खूण करा, तेवढीच आत घाला. नळी आत जाताना पिल्लू खोकलं तर लगेच काढा, श्वासनळीत गेली आहे.