'पेव फुटणे' यातलं पेव म्हणजे नक्की काय?

बोरीबाभळ:
मंडळी, परवा पेपरात हेडिंग होतं, "शहरात क्लासेसचं पेव फुटलं". भाचीनं विचारलं, मामा पेव म्हणजे काय आणि ते फुटतं कसं? सुळसुळाट झाला एवढा अर्थ सांगितला, पण नुसता पेव शब्द कुठे वापरतात ते मला सांगता येईना. तिला वाटलं पाण्याचं काहीतरी असेल, बांध फुटतो तसं. जाणकारांनी सांगा प्लीज.

मालदांडी:
पाण्याचं नाही दादा, धान्याचं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. मी मंगळवेढ्याकडची, माझ्या आजोळी वाड्यासमोरच होतं, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत रांजणासारखं मोठ्ठं पोट, ते शेणामातीनं सारवायचं, कडेनं नि तळाला वाळलेलं काड लावायचं, मग ज्वारी ओतायची आणि वर फरशी ठेवून चिखलानं गच्च लिंपायचं. उघडायचं त्याला म्हणायचे 'पेव फोडणे'. आजोबा फोडल्यावर बराच वेळ कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत, आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे, तो विझला तर उतरायचं नाही. बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं, त्यात प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानंच किडा मरतो आणि घाईनं उतरलेला माणूसही मरतो.

आता मुद्दा वाक्प्रचाराचा. एकदा हवा लागली की अर्धं ठेवून चालत नाही, सोंडे पडतात, त्यामुळं सगळं उपसूनच काढायचं, अंगणात ढीगच्या ढीग. इतके दिवस डोळ्याआड असलेलं एकदम भरमसाट बाहेर आलं, ते पेव फुटणं. माझ्या मते ह्यात मूळचं वाईट काहीच नव्हतं, घरात पेव फुटलं तो आनंदाचा दिवस असायचा. हल्ली फक्त नको त्या गोष्टींचंच पेव फुटतं ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

घोडकाठ:
ताई, फार सुंदर सांगितलंत. ही पद्धत किती जुनी ते सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं त्यात होती. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ह्या काळातली शेतकऱ्यांची वस्ती, आणि तिथे चुन्यानं लिंपलेली पेवं सापडली! शिवाय कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटेसुद्धा. म्हणजे वस्तू साडेतीन हजार वर्षांची. फक्त आज आपण ज्वारीचा मुलूख म्हणतो तिथे तेव्हा मुख्य पीक होतं सातू, म्हणजे जव. ज्वारी मूळची आफ्रिकेची. सातूही बाहेरचाच, पश्चिम आशियात दहा हजार वर्षांपूर्वी लागवडीला आला, मग बलुचिस्तानात मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या आसपास दिसतो आणि तिथून पुढे पिढ्यान् पिढ्या सरकत दख्खनमध्ये पोचला. कुळीथ मात्र आपल्याकडचा, तो भारतातच माणसाळला.

आणि मला सगळ्यात भावतं ते हे. जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ द्रा नावाची जागा आहे, तिथे सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची गोल कोठारं मिळाली, तळाची जमीन खालून उचललेली, हवा खेळावी आणि उंदीर लागू नये म्हणून. पण त्यातला सातू अजून रानटीच! रानटी सातूचं कणीस पिकलं की दाणे आपोआप झडतात, माणसाळलेल्याचे झडून जात नाहीत, कणसालाच धरून राहतात, हा फरक पडायला अजून शेकडो वर्षं जायची होती. म्हणजे माणूस पक्का शेतकरी व्हायच्या आधी साठवायला शिकला. शेतीचा इतिहास म्हटलं की सगळे नांगराकडे धावतात, माझ्या मते आधी कोठाराकडे बघायला हवं.

बोरीबाभळ:
बाप रे, एका हेडिंगवरून कुठे पोचलो! मग बळद आणि पेव एकच का? आजी बळद म्हणायची.

मालदांडी:
नाही, बळद घराच्या आतलं, भिंतीलगत बांधून काढलेलं. कणगी म्हणजे तुराट्यांची किंवा बांबूची विणून शेणानं लिंपलेली, ती हलवता येते. पेव जमिनीतच. आणि ते पेव, अनेकवचन पेवं, पेवात, पेवाची ज्वारी. पेवाच्या ज्वारीला एक उग्र वास येतो, भाकरीलाही येतो, ज्यानं खाल्लीय त्याला लगेच ओळखू येईल.

हळदवाडी:
उत्तर कर्नाटकात ह्यालाच हगेवु म्हणतात. आणि पेव फक्त धान्याचंच नसतं हो, सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, हळद त्यात वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी शिरून त्यातली बरीच खराब झाली. उरलीत ती भाचीला दाखवायला घेऊन या, तोंडाशी उभं राहिलं की आतल्या पोटाचा अंदाज येतो.