डोळ्यातल्या ॲक्वियसमध्ये (भिंगापुढच्या पातळ द्रवात) क जीवनसत्त्व इतकं जास्त कसं?

प्रश्न: रक्तद्रवाच्या सुमारे २० पट क जीवनसत्त्व तिथे कसं टिकतं? आणि मोजताना आमचा आकडा कमी का येतो?

उत्तर १: ॲक्वियस तयार करणाऱ्या सिलियरी बॉडीतला एसव्हीसीटी-२ हा वाहक (क जीवनसत्त्व वाहून नेणारं प्रथिन) सोडियमच्या जोरावर ते आत खेचतो. रक्तद्रवात साधारण ५० मायक्रोमोलर, ॲक्वियसमध्ये १ मिलिमोलरच्या आसपास.

उत्तर २: नमुना उघडा राहिला की ते झपाट्याने ऑक्सिडाइझ होतं, तांबं-लोहाच्या अंशांनी तर अधिकच. काढताक्षणी थंड मेटाफॉस्फोरिक आम्ल आणि ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारं रसायन) मिसळा, बर्फात, अंधारात ठेवा, मग उणे ८० अंश सेल्सियसला. उशीर अजिबात नको!

उत्तर ३: व्हिट्रियस (भिंगामागचं जेल) विसरू नका. तिथलं क जीवनसत्त्व ऑक्सिजन संपवतं, भिंग वाचतं. व्हिट्रेक्टॉमी शस्त्रक्रियेत हे जेल काढलं की भिंगाजवळ ऑक्सिजन वाढतो; नंतर भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू होण्याचं हे मोठं कारण मानतात.